'टाइप चेकर'ला मराठीत काय म्हणायचं?

राजारामपुरीकर : इथल्या कॉलेजच्या पोरांसाठी एक छोटी फंक्शनल (म्हणजे सगळं काम फंक्शननी करणारी) प्रोग्रामिंग भाषा आणि तिचा नुसता टाइप चेकर मराठीतून समजावून लिहायला घेतलाय, म्हणजे प्रोग्राम चालवायचा नाही, मशीन कोड काढायचा नाही, फक्त सोर्स वाचायचा आणि टाइप (कुठलं मूल्य पूर्णांक, कुठलं अक्षरमाला वगैरे) जुळतात का ते सांगून मोकळं व्हायचं. कंपायलरपासून वेगळा ठेवला की एडिटरलाही जोडता येतो. घोडं अडलंय शब्दांवर. स्टँडअलोन, टाइप, इन्फरन्स (न सांगितलेला टाइप शोधून काढणं), युनिफिकेशन (दोन टाइप एकसारखे व्हायला अज्ञात अक्षरांच्या जागी काय घालायचं ते शोधणं), यांना तुम्ही काय वापरता?

खिळेजुळारी : टाइपला 'प्रकार' नको राव. एरर मेसेज लिहून बघा, 'ओळ 12 : प्रकार चुकीचा'. वाचणारा म्हणणार, काय प्रकार झाला बाबा? आणि टाइप एररला कुणीतरी हौसेनं 'गैरप्रकार' करणारच, मग ती परीक्षेतल्या कॉपीची बातमी वाटणार. छापखान्यात टाइप म्हणजे खिळा, तो गेला, पण 'टाइप' मराठीत कधीच रुळलाय. तोच ठेवा.

उद्यमनगर : स्टँडअलोनला 'सुटा'. सुटे भाग म्हणतोच की आपण. आणि चेकर म्हणजे गो-नोगो गेज, भोकाचं माप तपासायचं हत्यार हाय बगा, बोअरमध्ये गो बाजू गेली पायजे, नोगो जाता कामा नये, मशीन जोडून फिरवून बघायची गरजच न्हाय. 'सुटा टाइप तपासनीस', लय भारी वाटतंय.

राजारामपुरीकर : 'सुटा' घेतला 👍 तपासनीस नको, तिकीट मागायला आल्यासारखा वाटतो, 'तपासक' करतो. पण गेज चेकिंगपुरतं ठीक, इन्फरन्सला नाही बसत, कारण गेजला माप आधीच ठरवून दिलेलं असतं आणि इथं माप कुणी सांगितलेलंच नसतं. फ क्ष = क्ष एवढंच लिहिलं तरी चेकर अ → अ काढतो, म्हणजे कुठल्याही टाइपचं घेऊन त्याच टाइपचं परत देणारं, आणि फ क्ष = क्ष + 1 लिहिलं की पूर्णांक → पूर्णांक, कारण आमच्या भाषेत + फक्त पूर्णांकांना चालतं.

दर्शनवाली : मग 'अनुमान' का नको? पेपरात ते अंदाज या अर्थानं येतं हे खरं, पण न्यायशास्त्रात अनुमान हे प्रमाण आहे हो! धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी, पण मधे व्याप्ती, म्हणजे जिथं धूर तिथं अग्नी हा कायमचा संबंध, लागते, उगाच ठोकून दिलेलं नाही चालत.

राजारामपुरीकर : परफेक्ट, इथंही अंदाज नाहीच. या इन्फरन्सवर हिंडली 1969, मिल्नर 1978, मग 1982 ला दमास आणि मिल्नर यांनी दाखवलं की एक्स्प्रेशनला टाइप असेल तर सगळ्यात व्यापक असा एकच निघतो, अक्षरं बदलली तरी तोच. 'अनुमान' पक्कं. राहिलं रॉबिन्सनचं 1965 चं युनिफिकेशन, 'एकीकरण' म्हटलं की पोरांना इतिहासातला बिस्मार्क आठवतो.

खिळेजुळारी : जुळवणी!

राजारामपुरीकर : चालेल, पण जुळत नाही तिथलंही नाव पाहिजे. क्ष लाच क्ष दिला, म्हणजे 'क्ष क्ष', तर अ = अ → ब असं समीकरण येतं, आणि उजवीकडच्या अ च्या जागी परत तेच घालत बसलं तर संपतच नाही. म्हणून अ स्वतःच्याच पोटात बसलाय का ते आधी बघावं लागतं. याला इंग्रजीत अकर्स चेक म्हणतात.

उद्यमनगर : 'पोटझडती' 😄

दर्शनवाली : न्यायवाले याला आत्माश्रय दोष म्हणतील, स्वतःच स्वतःच्या आधारावर उभं असणं.

राजारामपुरीकर : मेसेजमध्ये 'आत्माश्रय', कोडमधल्या फंक्शनला 'पोटझडती'. आता लेट, म्हणजे भाषेत एखाद्या गोष्टीला नाव द्यायची सोय, बघा. लेटनं नाव दिलेला फ क्ष = क्ष एकदा पूर्णांकावर, एकदा अक्षरमालेवर चालतो, पण तोच फ पॅरामीटर म्हणून आला की एकाच टाइपला बांधला जातो. पहिल्याला, म्हणजे जनरलायझेशनला, 'सामान्यीकरण' लिहिलंय, पण जीभ अडखळते. सुचवा काहीतरी.