केमो संपली, रिपोर्ट चांगले आले, पण प्रार्थनेत मन लागत नाही: अशांना काय सांगावं?

निशिगंध:
कॅन्सर रुग्णांच्या मदतगटात उपचार संपलेले लोक एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत करतात. आजारात देवाचा धावा केला, आता बसवत नाही. पाठ असलेल्या ओळी अडखळतात. देवाचा राग येतो, मग त्या रागाचीच भीती वाटते. काहींना राहिलेले उपवास लगेच सुरू करायचेत. 'श्रद्धा ठेवा' सोडून काय सांगता येईल?

काडेपेटी:
आधी शरीराचं खातं वेगळं काढा. ओळी अडखळणं म्हणजे श्रद्धा आटली असं नाही. केमोनंतर लक्ष आणि शब्द आठवणं महिनोन्महिने मंदावू शकतं, त्यालाच 'केमो ब्रेन' म्हणतात. हिमोग्लोबिन कमी असेल, किंवा मानेच्या रेडिएशनने थायरॉईड मंदावला असेल, तर जपाला बसल्या बसल्या डोळा लागणारच. दोन्ही रक्तात तपासून घ्या. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड चालू असताना झोप उडते, चिडचिड होते. बंद झाल्यावर काही दिवस उदास वाटू शकतं.

म्हणून दिवसातला कमी थकव्याचा वेळ निवडा आणि पाचच मिनिटं बसा, खुर्चीवर बसलं तरी चालेल. ओळी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हणताना धागा लवकर सुटतो.

जपमाळेचं कुणी सांगत नाही. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात, मणी सरकला की नाही ते कळत नाही. माणूस पुन्हा पहिल्यापासून मोजतो आणि रडकुंडीला येतो. मोठ्या, खडबडीत मण्यांची माळ घ्या, नाहीतर मोजणं सोडून गजर लावा. मेणबत्ती लावायला लांब दांड्याचा लायटर वापरा. बधिर बोटाला चटका उशिरा कळतो.

रात्रपाळी:
उपवासाबद्दल. 'उपचार संपले' म्हणजे नक्की काय संपलं ते विचारा. सलाईन संपलेली असते, गोळ्या चालू असतात. कॅपेसिटाबीन ही केमोची गोळी दिवसातून 2 वेळा, साधारण 12 तासांच्या अंतराने, जेवल्यावर 30 मिनिटांच्या आत घ्यायची असते. दिवसभर उपाशी राहणाऱ्याचं हे गणित बसत नाही. मग सकाळचा डोस बुडतो किंवा दोन डोस जवळ येतात. ॲबिरॅटेरोन ही प्रोस्टेट कॅन्सरची गोळी नेहमीच्या मात्रेत उलट उपाशीपोटीच घेतात. स्तनाच्या कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेन गोळीला जेवणाचं बंधन नाही.

निर्जळी मात्र वेगळी. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने मूत्रपिंडाला इजा झालेली असू शकते, तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय पाणी सोडू नये. ज्यांची केमो अजून चालू आहे त्यांच्या जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी डोसनंतर बहुधा 7 ते 14 दिवसांत तळाला जातात. त्या दिवसांत सामूहिक प्रार्थनेची गर्दी टाळा. ताप 100.4 अंश फॅरनहाइटला पोचला तर उपवास तिथेच मोडून थेट रुग्णालय गाठा.

आजाऱ्याला उपवासातून सूट बहुतेक धर्मांत आहे. पण ती धर्मगुरूच्या तोंडून ऐकवा. आपण सांगितली तर पळवाट वाटते.

पिंपळपान:
रागाकडे वळते. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय. त्यांच्या छोट्या प्रश्नावलीत 14 वाक्यं आहेत: 7 देवाच्या आधाराची, 7 देवाशी झगड्याची, 'देवाने मला टाकलं' या वळणाची. 2001 साली त्यांच्या गटाने 55 वर्षांवरच्या, रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांचा 2 वर्षांचा मागोवा छापला. त्यात झगड्यात असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. मदतगट चालवणाऱ्याने हे माहीत ठेवावं, रुग्णाला ऐकवू नये. आधीच रागाची भीती आहे, त्यात ही भर कशाला?

विचारायचं एवढंच: राग नक्की कुणावर? खूपदा तो देवावर नसतो, 'तुझंच काहीतरी चुकलं असेल' म्हणणाऱ्या नातेवाइकावर असतो. देवावरच असेल तर प्रार्थनेच्याच भाषेत, 'तू' म्हणून कागदावर लिहायला सांगा. वाचून दाखवला तर उत्तर देऊ नका, देवाची बाजू तर मुळीच घेऊ नका. उपचारात पुढची तारीख असते, माणूस तिला धरून चालतो. तारखा संपल्या की प्रश्न उभे राहतात, म्हणून हे सगळं नंतर येतं.

दोन आठवडे कशातच गोडी वाटत नसेल, अपराधीपण जात नसेल तर मनोविकारतज्ज्ञ गाठा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी. टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं त्यांना आवर्जून सांगा: पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन ही नैराश्यावरची औषधं यकृतातलं एक एन्झाइम अडवतात, त्यामुळे टॅमॉक्सिफेनचं कामाच्या रूपात होणारं रूपांतर कमी होतं.

निशिगंध:
माळेचं खरंच लक्षात आलं नव्हतं. अजून एक. एक बाई म्हणतात, नवस फळला, मी बरी झाले, आता टॅमॉक्सिफेन कशाला?

रात्रपाळी:
नवसावर वाद घालू नका, हराल. गोळी 5 ते 10 वर्षं देतात ती तपासणीत न दिसणाऱ्या कॅन्सरच्या पेशींसाठी, हे डॉक्टरांकडून एकदा वदवून घ्या. पण त्याआधी त्यांना बाजूला घेऊन विचारा, रात्री घामाने जाग येते का? हा या गोळीचाच त्रास. पुष्कळदा गोळी नकोशी होते ती त्या घामामुळे, आणि सांगताना नवस पुढे येतो. घामावर व्हेन्लाफॅक्सीनसारखी औषधं आहेत. पॅरोक्सेटीनही देतात, ते यांना नको. कारण पिंपळपान यांनी वर दिलंच आहे.