नवी सनद, घरात कोणी वकील नाही : सिनियर कोणाला मानावे?

रावेरची नवी वकील

नमस्कार. मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक शेतकऱ्याची मुलगी आहे. पदवीनंतर जळगाव येथे तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण करून नुकतीच सनद घेतली. आमच्या घरात किंवा भाऊबंदांत कोणीही वकील नाही. न्यायालयाशी आमचा संबंध आला तो आजोबांच्या काळातील वाटणीच्या दाव्यापुरता, आणि त्या दाव्याची आठवण वडिलांना आजही नकोशी वाटते.

महाविद्यालयात अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत मला बक्षीस मिळाले होते, त्यामुळे आपल्याला काहीतरी येते असा माझा समज होता. गेल्या आठवड्यात जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसून कामकाज पाहिले, तेव्हा पुकारा झाल्यापासून पुढची तारीख पडेपर्यंतच्या दोन मिनिटांत नेमके काय घडले, हे दहापैकी आठ प्रकरणांत मला उमगले नाही. 'से दाखल', 'निशाणी ५ वर युक्तिवाद', 'दरखास्तीत वॉरंट' हे शब्द ओळखीचे वाटले, पण त्यांच्यामागचे काम मला ठाऊक नव्हते.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत. जळगावातील एका नामवंत फौजदारी वकिलांकडे जागा आहे, परंतु त्यांच्याकडे आधीच दहा-बारा ज्युनियर आहेत. रावेरला दिवाणी कामे करणारे एक वयस्कर वकील आहेत, जे एकटेच काम पाहतात. तिसरी वाट छत्रपती संभाजीनगरच्या उच्च न्यायालय खंडपीठाची आहे, कारण माझी एक वर्गमैत्रीण तेथे रुजू झाली असून ती मलाही बोलावते आहे. मानधनाविषयी कोणीच स्पष्ट बोलत नाही आणि विचारणे उद्धटपणाचे ठरेल अशी मला भीती वाटते. न्यायाधीश पदाच्या परीक्षेचा विचारही मनात आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

धुळे बार, २६ वर्षे

ताई, आपण विचारलेला प्रश्न बहुतेक नवे वकील विचारतच नाहीत. पहिला जो सिनियर "या" म्हणतो, त्याच्याकडे जातात. मीही तसाच गेलो होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी एक पार्श्वभूमी सांगतो. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात सनदेपूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची तरतूद मुळात होती, ती १९७३ च्या दुरुस्तीने गेली. पुढे बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये नियम करून एक वर्षाचे प्रशिक्षण सक्तीचे केले, परंतु १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द ठरवले. तेव्हापासून आपल्याकडे नव्या वकिलाला घडवण्याची कायदेशीर जबाबदारी कोणावरही नाही. ती पूर्णपणे सिनियरच्या इच्छेवर आणि ज्युनियरच्या चिकाटीवर चालते. डॉक्टरांना जशी इंटर्नशिप सक्तीची असते तशी आपल्याला नाही, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. म्हणून निवड करताना सिनियरचे नाव किती मोठे आहे याहून तो ज्युनियरच्या हाती काय देतो हे पाहा.

माझे पहिले सिनियर मोठे होते. त्यांच्याकडे मी दोन वर्षे काढली आणि त्या दोन वर्षांत मुदतीचे अर्ज देणे, नकला काढणे आणि तारखा लिहून घेणे यांखेरीज काही केले नाही. मी एकही दावा स्वतः लिहिला नाही, एकाही साक्षीदाराला प्रश्न विचारला नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते; ज्युनियरला शिकवावे लागते, हेच त्यांच्या मनात कधी आले नाही.

दुसऱ्या सिनियरांकडे गेल्यावर चौथ्या महिन्यात त्यांनी मला एका बांधाच्या वादात उलटतपास घ्यायला उभे केले. वादीतर्फे त्याच्या जुन्या सालदाराची, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेल्या शेतगड्याची, साक्ष होती. दिवाणी दाव्यांत सरतपास (साक्षीदाराची स्वतःच्या बाजूने दिलेली पहिली साक्ष) शपथपत्रावर येतो, त्यामुळे वकिलाचे खरे काम उलटतपासातच असते. शपथपत्रात त्याने म्हटले होते की बांध आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीपासून त्याच जागी होता. वर्ष कोणते ते लिहिलेले नव्हते, आणि ती उणीव आमच्या फायद्याची होती. मी उत्साहाच्या भरात विचारले, "इतके नेमके तुम्हाला कसे आठवते?" त्याने अहिराणीत सविस्तर सांगितले की त्या आखाजीला त्याचे साल संपले, तो दुसऱ्या मालकाकडे गेला, त्याच वर्षी त्याच्या मुलीचे लग्न झाले आणि काम सोडण्यापूर्वी त्यानेच वावराच्या बांधावर माती ओढली होती. शपथपत्रात नसलेले वर्ष, कारण आणि प्रत्यक्ष सहभाग हे सर्व माझ्या एका प्रश्नाने नोंदीवर आले.

सिनियर माझ्या मागे बसले होते, पण ते उठले नाहीत. संध्याकाळी ऑफिसात त्यांनी मला वही काढायला सांगून डाव्या पानावर माझा प्रश्न आणि साक्षीदाराचे उत्तर लिहायला लावले, आणि उजव्या पानावर तो प्रश्न विचारला नसता तर नोंदीवर काय राहिले असते ते लिहायला लावले. मग कोर्ट कमिशनर नेमून मोजणी करून घेण्याचा अर्ज त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला, आणि तो तीन वेळा परत केला. ती वही माझ्याकडे आजही आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्युनियरला मी तशीच वही ठेवायला लावतो.

यातील साक्षीदाराच्या उत्तराचा भाग आपल्याला विशेष उपयोगी आहे. सालदाराचे साल आखाजीला सुरू होते आणि आखाजीलाच संपते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागणार नाही. आपल्या भागातील साक्षीदार तारीख सांगत नाही; तो पोळा, आखाजी, केळीची कापणी सांगतो. ते ऐकून त्याची तारखेशी सांगड घालता येणे ही मोठी शिदोरी आहे.

आता मानधनाबद्दल लिहितो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी ती पाळली जात असल्याचे मी पाहिलेले नाही. तरीही विचारणे उद्धटपणाचे नाही. पहिल्याच भेटीत "प्रवासखर्च आणि मानधन याविषयी आपली पद्धत काय आहे?" असे विचारावे.

एक सूचना आणखी. ज्यांच्याकडे जाणार असाल, त्यांचे जुने ज्युनियर आज कोठे आहेत याची चौकशी करा. पाच-सात वर्षे काढूनही कोणी स्वतंत्र झाले नसेल, तर तेथे जाऊ नका. तालुका किंवा जिल्हा न्यायालय म्हणजे दुय्यम जागा असेही मानू नका. धुळ्याच्या न्यायालयात १९३७ मध्ये स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी आले होते आणि त्यांचा मुक्काम लळिंगच्या लांडोर बंगल्यात होता. आम्ही नवे होतो तेव्हा ही हकिगत आम्हाला पहिल्या आठवड्यातच सांगण्यात आली होती.

शहाद्याची वकील

धुळ्याच्या सरांशी बहुतांशी सहमत आहे, पण मानधनाच्या मुद्द्यावर मला अधिक ठाम बोलायचे आहे. "विचारावे" इतके पुरेसे नाही. ज्या मुलीला घरून डबा आणि बसभाडे मिळत नाही, ती एक-दोन वर्षांत हा व्यवसाय सोडते. मी अशा तीन मुली पाहिल्या आहेत आणि त्या तिघी माझ्याहून हुशार होत्या. ज्याला मानधन देता येत नाही, त्याने निदान ज्युनियरने लिहिलेल्या नोटिशीचे आणि चालवलेल्या छोट्या कामाचे पैसे तिच्या हाती द्यावेत. माझ्याकडे दोन ज्युनियर आहेत आणि धनादेश न वटल्याच्या प्रकरणांतील नोटिशीचे शुल्क त्यांचेच असते. त्या निमित्ताने त्यांना मुदतीचे गणितही पाठ होते. बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यास १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. एका ज्युनियरचा हा हिशेब एकदा दोन दिवसांनी चुकला होता. विलंबमाफीच्या अर्जासाठी मी तिच्याबरोबर उभी राहिले, पण बोलली तीच.

आपण स्त्री आहात म्हणून आणखी एक लिहिते. ऑफिसची वेळ पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. संध्याकाळी पक्षकार भेटतात, बैठक रात्री नऊपर्यंत चालते आणि रावेरकडे जाणारी गाडी निघून जाते. माझ्या सिनियरांनी माझ्यासाठी पक्षकारांच्या वेळा सकाळी आणल्या होत्या. ज्यांना शिकवायचे असते, ते अशी सोय करतात.

आमच्याकडे सातपुड्यातील कामे वेगळी असतात. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे गेली, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आडवे येते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावा ग्रामसभेपासून उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हा समितीकडे जातो, आणि प्रत्येक टप्प्यावर कागद तपासून देणारा माणूस लागतो. ही कामे मी कोणत्याही पुस्तकातून शिकले नाही. धडगावच्या एका म्हाताऱ्या पक्षकाराने पावरी या आदिवासी बोलीत जे सांगितले ते समजून घ्यायला मला तीन भेटी लागल्या. त्या तिन्ही भेटींत माझे सिनियर शेजारी बसून होते आणि त्यांनी एकदाही घाई केली नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कामासाठीही नाव द्या. गरिबांची फौजदारी कामे चालवताना जो सराव होतो, तो मोठ्या ऑफिसात दहाव्या क्रमांकाच्या ज्युनियरला मिळत नाही.

खंडपीठातील जळगावकर

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे संभाजीनगर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात, त्यामुळे आपल्या भागातील अपिले रोज माझ्या टेबलावर येतात. म्हणूनच आग्रहाने सांगतो की आत्ता येथे येऊ नका, तीन ते पाच वर्षांनी या.

कारण असे की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खालील दुसऱ्या अपिलात फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न ऐकला जातो. रावेरच्या न्यायालयात जो प्रश्न साक्षीदाराला विचारला गेला नाही, जो दस्त निशाणी (न्यायालयाचा क्रमांक) पडून पुराव्यात आला नाही, त्याची भरपाई येथे जवळजवळ होत नाही. मी थेट खंडपीठात सुरुवात केली. इंग्रजीत याचिका लिहायला लवकर शिकलो, पण खालच्या न्यायालयाचा रोजनामा, म्हणजे रोजच्या कामकाजाची नोंद, वाचून त्या दिवशी तेथे काय घडले असेल हे ओळखायला मला सहा वर्षे लागली. खाली काम केलेले माझे सहकारी ते पहिल्या वाचनात ओळखतात.

मात्र इंग्रजी सोडू नका. महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे आणि खंडपीठाचे काम इंग्रजीत चालते. रावेरला असतानाही आठवड्याला उच्च न्यायालयाचा एक निकाल मुळातून वाचा आणि त्याचे टिपण स्वतःच्या शब्दांत काढा.

चाळीसगाव, दिवाणी व फौजदारी

परीक्षांविषयी थोडक्यात. सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. प्रश्न १०० असतात आणि खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण लागतात. टीपा नसलेले मूळ कायदे बरोबर नेता येतात, म्हणून ते आत्तापासून हाताळा. विशेषतः १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तिन्ही नव्या फौजदारी कायद्यांतील कलमांचे क्रमांक बोटांवर हवेत, कारण जुन्या गुन्ह्यांसाठी भारतीय दंड संहिताही अजून लागते.

न्यायाधीश पदासाठी सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे. तो काळ तात्पुरत्या नोंदणीपासून मोजला जातो. दाखला किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा आणि त्यावर तेथील प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे पृष्ठांकन असा लागतो. म्हणजे ज्यांच्याकडे आपण काम कराल, त्यांनी आपल्याला खरोखर उभे केले असेल तरच तो दाखला मनापासून दिला जाईल. हजेरी, चालवलेली कामे आणि प्रकरण क्रमांक यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

रावेरची नवी वकील

सर्वांचे मनापासून आभार. धुळ्याच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे मी चौकशी केली. रावेरच्या वकीलसाहेबांचे चार ज्युनियर आज स्वतंत्र काम करतात, त्यांपैकी एक भुसावळला आहेत. काल वकीलसाहेबांना भेटले. मानधनाचे विचारताना माझा आवाज कापत होता, परंतु त्यांनी शांतपणे सांगितले की पहिले सहा महिने ते प्रवासखर्च आणि थोडी ठरावीक रक्कम देतील आणि त्यानंतर माझ्या कामांचे पैसे माझे असतील. संध्याकाळी सहानंतर थांबायचे नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितले.

सोमवारपासून जायचे आहे. त्यांनी वाचायला एक जुनी फाईल दिली असून घटनांची तारीखवार यादी करून आणायला सांगितले आहे. योगायोगाने तो बहिणीने भावांविरुद्ध केलेला वाटणीचाच दावा आहे. वडिलांनी फाईल पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की नीट वाच. ही यादी वादपत्रावरून करायची की कागदांवरून?

धुळे बार, २६ वर्षे

यादी कागदांवरून करा. वादपत्र आणि कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) दोन्ही शेवटी वाचा, म्हणजे कोणी काय सोडले आहे ते आपोआप दिसेल. सातबारा, मग गाव नमुना ६ मधील फेरफार, मग खरेदीखते आणि मृत्यूचे दाखले या क्रमाने लावा. बहिणीचा दावा आहे म्हणून हिंदू उत्तराधिकार कायद्यातील मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क देणारी, ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेली दुरुस्ती आणि तिच्यावरील ११ ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोन्ही शेजारी ठेवा. भाऊ आधीच वाटणी झाल्याचे म्हणत असतील, तर ती २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झाली आहे का, हे सर्वांत आधी शोधा. नुसता फेरफार दाखवून वाटणी झाल्याचे सांगितले जाते, तेथे थांबून नोंदीचे कारण वाचा आणि ते वहीच्या डाव्या पानावर उतरवून घ्या.