मदत हवी आहे: अजुगाचा गालिचा मधूनच कुजतोय

झाडाखाली गवत काही टिकेना, म्हणून 4 बाय 6 फुटांच्या वाफ्यात काळपट-जांभळ्या पानांचा अजुगा (जमिनीलगत पसरणारी शोभेची वनस्पती) लावला. 30 सेंमी अंतरावर 24 रोपं. वर्षभरात त्याने धावते फुटवे टाकून सगळी जमीन झाकली, निळे तुरेही आले. आता मात्र मधली रोपं एकेक करून बसताहेत. आधी पानं मलूल होतात, मग हलकं ओढलं तरी अख्खा गड्डा हातात येतो. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. कडेची रोपं ठणठणीत आहेत.

सकाळी दोन-तीन तास ऊन, नंतर सावली. माती चिकण, पाणी रेंगाळतं. पाणी एक दिवसाआड केलं, मेलेली रोपं दाण्यांसकट काढली, दाटी विरळ केली, ट्रायकोडर्माही (रोगट बुरशीला आवर घालणारी उपयुक्त बुरशी) दोनदा दिलं. कुजणं मंदावलं, थांबलं नाही. खत दिलेलं नाही, त्यामुळे 'खत जास्त झालं असेल' हे उत्तर बाद! झाडाची मुळं वर असल्याने 10 सेंमीपेक्षा खोल खणता येत नाही आणि कुत्रा तिथेच लोळतो, म्हणून जहाल औषध नको.

ती दाणेवाली बुरशी मातीत बराच काळ तग धरते असं वाचलंय. मग वरची 10 सेंमी माती बदलून, वाफा थोडा उंच करून कडेचे निरोगी फुटवे तिथेच लावले तर जगतील? की तेवढ्या जागेत अजुगाचा नादच सोडून द्यावा? आणि सोडायचाच झाला, तर अशा सावलीत, अशाच गडद पानांचं दुसरं काय पसरेल?