दोन्ही हिरे ट्रिपल एक्स, तरी एक मंद का दिसतो?

गिरगावकर८१ (प्रश्न)

साखरपुड्याच्या अंगठीसाठी झवेरी बाजारात दोन सुटे गोल हिरे बघून ठेवलेत. दोन्हींना जीआयए या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट, रंग जी, शुद्धता व्हीएस१, फ्लुरोसन्स नाही, कट-पॉलिश-सिमेट्री तिन्ही एक्सलंट, म्हणजे ट्रिपल एक्स.

अ: ०.७० कॅरेट, ५.७०–५.७३ × ३.५० मिमी, डेप्थ (व्यासाच्या मानाने खोली) ६१.२%, टेबल (वरचा सपाट पैलू) ५७%, क्राउन (माथ्याचा उतार) ३४.५°, पॅव्हेलियन (तळाचा उतार) ४०.८°, गर्डल (माथा-तळामधली कड) मीडियम.

ब: ०.७२ कॅरेट, ५.६८–५.७२ × ३.५८ मिमी, डेप्थ ६२.८%, टेबल ५८%, क्राउन ३५.५°, पॅव्हेलियन ४१.२°, गर्डल मीडियम ते स्लाइटली थिक.

काउंटरवरच्या दिव्याखाली दोन्ही सारखेच झगझगतात. दाराशी नेऊन बघितलं की 'ब' टेबलाच्या कडेखाली मळकट वाटतो. विक्रेत्याचं म्हणणं, "ट्रिपल एक्स म्हणजे ट्रिपल एक्स, वर दोन सेंट (०.०२ कॅरेट) जास्त मिळतायत." कॅरेटचा दर दोन्हींना एकच. माझ्या डोळ्यांचा दोष, की आकड्यांत काही आहे?

घाट_तळिया

डोळे ठीक आहेत. आकडे शेजारी ठेवून बघा.

आधी वजन. 'ब' दोन सेंटनी जड, पण वरून दिसणारा व्यास उलट कणभर कमी. म्हणजे ते दोन सेंट गेले खोलीत आणि गर्डलच्या जाडीत, जिथे कोणाला दिसत नाहीत. गोल हिऱ्याच्या वजनाचा ढोबळ हिशेब असा: व्यास × व्यास × खोली (सगळं मिमीत) × ०.००६१. जाड गर्डलला वर एक-दोन टक्के धरायचे. आता 'ब'चा ५.७० व्यास तसाच ठेवून तो 'अ'च्या ६१.२% डेप्थने घासला असता तर? ५.७० × ५.७० × ३.४९ × ०.००६१, म्हणजे ०.६९. आणि ०.७० खाली गेला की भावाची पायरी बदलते. कॅरेटचा दरच खाली येतो. म्हणून कारागीर तळ थोडा खोल ठेवतो, माथा थोडा उभा ठेवतो आणि एक्सलंटच्या कुंपणाच्या आत राहून वजन वाचवतो. यात फसवणूक नाही, धंद्याचं गणित आहे. फक्त ते गणित तुमच्या खिशातून का भरायचं, एवढाच प्रश्न.

आता मंदपणाचं. हिऱ्याच्या आत किरण पैलूवर लंबापासून २४.४ अंशांपेक्षा तिरका आपटला तर पूर्ण परत फिरतो. त्याहून सरळ आपटला तर त्यातला बराचसा पैलूतून पलीकडे गळतो. टेबलातून सरळ आत आलेला किरण तळाच्या एका बाजूवर आपटतो, तिथून समोरच्या बाजूवर, मग वर येतो. या प्रवासात पॅव्हेलियनचा कोन १ अंशाने बदलला की परतीचा किरण आतल्या आत ४ अंशांनी वळतो, आणि बाहेर पडताना अपवर्तनामुळे तो फरक आणखी वाढतो. त्यामुळे ४०.८ आणि ४१.२ मधले ०.४ अंश कागदावर दिसतात तेवढे किरकोळ नाहीत.

क्राउन आणि पॅव्हेलियन एकमेकांना सांभाळून घेतात. क्राउन १ अंशाने उभा झाला तर पॅव्हेलियन साधारण ०.२ अंशाने उथळ हवा. म्हणजे ३५.५ च्या जोडीला ४०.६ शोभला असता. 'ब'मध्ये दोन्ही एकाच दिशेला गेलेत: माथाही उभा, तळही खोल. अशा जोडीत तिरके किरण टेबलाच्या कडेखालून गळतात आणि तिथे राखाडी कडं दिसतं. तुम्ही 'मळकट' म्हणताय ते तेच.

अंधेरी_पूर्व

पण मग जीआयएने एक्सलंट दिलंच कसं?

घाट_तळिया

कारण एक्सलंट हा एक बिंदू नाही, ऐसपैस पट्टा आहे. गोल हिऱ्यासाठी टेबल ५२ ते ६२, क्राउन ३१.५ ते ३६.५, पॅव्हेलियन ४०.६ ते ४१.८. अर्थात या आकड्यांची कुठलीही जोडी चालते असं नाही, जोड्यांचे वेगळे तक्ते आहेत, पण त्यातही कडेच्या जोड्यांना जागा मिळते. हिऱ्याच्या पैलूंचा अभ्यास करणाऱ्या टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये गणिताने काढलेले आकडे होते टेबल ५३, क्राउन ३४.५, पॅव्हेलियन ४०.७५. आज खरेदीला सोपा पट्टा धरायचा तर टेबल ५४–५८, क्राउन ३४–३५, पॅव्हेलियन ४०.६–४१, डेप्थ ६०–६२.४. 'अ' यात मधोमध बसतो.

लालबागची_रश्मी

वरचं सगळं मान्य, पण नुसत्या आकड्यांवर पैसे टाकू नका. सर्टिफिकेटवरचा कोन हा आठ पैलूंची सरासरी असतो, तोही ढोबळ केलेला: क्राउन जवळच्या ०.५ अंशाला, पॅव्हेलियन ०.२ ला. ४०.८ म्हणजे सात पैलू नीट आणि एक भरकटलेला, असंही असू शकतं. आकडे नापास करायला वापरा, पास करायला डोळे वापरा.

काउंटरवरचे स्पॉटलाइट विसरा, त्यांच्याखाली काचसुद्धा नाचते. स्पॉटलाइटमध्ये दिसतात ते रंगीत ठिपके. पांढरी उजळ लकाकी तपासायची तर पसरलेला उजेड लागतो. पुडी घेऊन खिडकीशी जा, थेट ऊन नको. हिरा चिमट्यात गर्डलवर धरा, टेबल तुमच्याकडे, अंतर फूटभर. नाकाशी आणलात तर तुमच्याच डोक्याची सावली आत पडते आणि चांगला हिराही काळवंडतो. नवखे लोक हमखास इथे फसतात. मग दोन्ही बाजूंना जरा जरा कलवा. काळे-पांढरे तुकडे ठळक असावेत, कललं की जागा बदलावेत. राखाडी डाग जागचा हलत नसेल तर ती गळती.

दुसरी चाचणी बिनखर्चाची. भडक गुलाबी किंवा केशरी कागदाची पट्टी दुमडून खाच करा, हिरा टोक खाली घालून त्यात बसवा आणि वरून दहापटीच्या आयग्लासने, म्हणजे जवाहिऱ्याच्या भिंगाने, बघा. जिथे कागदाचा रंग आरपार दिसतो तिथून उजेड गळतो. थोडा रंग प्रत्येक हिऱ्यात कडेला दिसणारच, त्याने घाबरू नका. टेबलाच्या कडेखाली सलग गुलाबी कडं दिसलं तर सोडा. हे करताना 'अ' आणि 'ब' एकाच पट्टीत शेजारी ठेवा, एकेकटा बघून काही कळत नाही.

गिरगावकर८१

पट्टीचा प्रयोग केला. 'ब'मध्ये जवळजवळ पूर्ण गुलाबी कडं, 'अ'मध्ये टाचणीएवढे दोन-तीन ठिपके. 'अ' नक्की. आता दोन उपप्रश्न. उलट बाजूची चूक, म्हणजे उथळ तळ, कशी ओळखायची? आणि बहिणीला ओव्हल हवाय, त्याला हेच आकडे लावायचे का?

लालबागची_रश्मी

उथळ तळ आणि मोठं टेबल एकत्र आले की गर्डलचंच प्रतिबिंब टेबलाच्या आत पांढुरक्या कड्यासारखं दिसतं, माशाच्या डोळ्यासारखं. सरळ दिसलं नाही तर किंचित कलवून बघा, लगेच डोकावतं. फारच खोल तळ असला तर मध्यभाग खिळ्याच्या डोक्यासारखा काळा.

ओव्हलला हे आकडे लावू नका. जीआयएच्या ओव्हलच्या सर्टिफिकेटवर सहसा कट ग्रेड नसते. 'एक्सलंट' लिहिलेलं दिसेल ते पॉलिश आणि सिमेट्रीचं. तिथे बघायचा तो मधला काळा बो-टाय, म्हणजे बोच्या आकाराचा काळा पट्टा: थोडा असतोच, पण कलवल्यावर तुटत नसेल तर नको. ओव्हल व्हिडिओवर कधीच पसंत करू नका.

घाट_तळिया

जडवण्याबद्दल एक. कारखान्यात देण्याआधी गर्डलवरचा लेझरने कोरलेला नंबर आयग्लासने सर्टिफिकेटशी ताडून घ्या आणि अंगठी हातात आल्यावर पुन्हा ताडा. कोंदणाचा दाता त्या नंबरावर येऊ देऊ नका, असं कारागिराला आधीच सांगून ठेवा. कोंदण मागून उघडं ठेवायला सांगा. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो आणि तळावर क्रीम-साबणाचा थर बसला की ४०.८ अंशांचा तळही उजेड परत फेकत नाही. महिन्यातून एकदा वाटीत कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, पंधरा मिनिटं भिजवून मऊ ब्रशने मागच्या बाजूने घासा. वाटीतच, बेसिनवर नाही.