मदत हवी आहे: पीसीच्या वॉटरकूलिंगला पंप कोणता घेऊ? आज रात्रीच ऑर्डर टाकायचीय

रॅमदास
जाणकारांनो, डी५ घेऊ की डीडीसी? गेम लावला की प्रोसेसर ९० अंशांच्या वर जातो, पंप घरघरतो. सेल रात्री १२ ला संपतोय. 'आधी शोधा' असं कृपया सांगू नका, दोन वीकांत त्यातच गेलेत.

निवांत_पाटील
रेडिएटर किती? ग्राफिक्स कार्डही लूपमध्ये, म्हणजे पाण्याच्या चक्रात, आहे का? जुना पंप कोणता? पत्रिका न देता स्थळ विचारताय.

रॅमदास
नेहमीचाच लूप आहे हो. फक्त नाव सांगा.

भिजकेपोहे
डोळे झाकून डीडीसी. १८ वॅटवाल्याचा हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवतो ते, ५ मीटरच्या आसपास, डी५ चा ४ च्या. रेडिएटर वर असेल तर पाणी चढवायला जोर लागतोच.

कोरडी_विहीर
चढवायचं कुठे? ही गच्चीवरची टाकी नाही. बंद लूप एकदा भरला की जेवढं पाणी चढतं तेवढंच उतरतं. हेड लागतो प्रोसेसरवर बसवलेल्या ब्लॉकच्या केसासारख्या बारीक खाचांतून पाणी रेटायला. ताशी दोनशे लिटर फिरलं तरी पुष्कळ. शिवाय डीडीसी तापतो.

भिजकेपोहे
माझा चार वर्षं चालतोय. पुस्तकी ज्ञान नको.

नागपूरचे_नाना
एवढा खर्च कशाला? डेझर्ट कूलरचा पंप घ्या, स्वस्तात मस्त. मी बादलीत टाकून दोन उन्हाळे काढले.

कोरडी_विहीर
नाना, तो २३० व्होल्टवर, भिंतीतल्या बटणावर. एक दिवस बटण दाबायचं विसरलात की संपलं.

नागपूरचे_नाना
विसरलो होतो एकदा. पीसी आपोआप बंद पडला, काही झालं नाही.

तांब्याभांडं
रच्याकने, पाणी कोणतं घातलंय? डिस्टिल्डच घाला. आणि तांब्याच्या ब्लॉकबरोबर अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर असेल तर तो गंजणार म्हणजे गंजणार.

निवांत_पाटील
रॅमदास, पंपाची वायर कुठे जोडलीय? फोटो डकवा.

रॅमदास
डकवला. डी५ च आहे, मागे १ ते ५ ची चकती असलेला. कन्व्हर्टर लावून मदरबोर्डच्या फॅनच्या पिनांवर दिलाय. त्याचा काय संबंध?

निवांत_पाटील
अहो, हे आधी सांगायचं! तो २३ वॅटपर्यंत खेचतो, त्या पिना साधारण १ अँपिअरच्या, म्हणजे १२ वॅट. वरून बोर्ड त्याला फॅन समजून व्होल्टेज कमी करतंय. पिना जळल्या नाहीत हे नशीब. पीसी बंद करा, थेट एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या, मोलेक्स प्लगला जोडा, चकती ३ वर.

कोरडी_विहीर
+१. आणि टाकी काठोकाठ भरा, फोटोत अर्धी दिसतेय. पंप हवा ओढत असणार.

रॅमदास
जोडला. टाकीही भरली. अर्धा तास गेम चालू आहे, ७१. घरघर गेली. पाटील, धन्यवाद! फक्त, मघाशी डीडीसीची ऑर्डर टाकून बसलोय, ती रद्द होत नाहीये. कुणाला हवाय का?

भिजकेपोहे
व्यनि (खाजगी निरोप) केलाय.