मदत हवी आहे: कलाक्षेत्रची ऑडिशन
लेकीला बारावीनंतर चेन्नईच्या कलाक्षेत्रमध्ये भरतनाट्यमचा ४ वर्षांचा डिप्लोमा करायचाय. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये काढलेली संस्था, त्यामुळे नुसत्या नावानेच आमच्या पोटात गोळा (तिच्या नाही!). ती सांगलीत लहानपणापासून शिकतेय, पण तंजावूर बाणीत (शैलीत). कलाक्षेत्रच्या रेखीव, ताणलेल्या हातांची तिला सवय नाही. शिवाय नाट्टडवू (पायऱ्यांचा एक मूलभूत प्रकार) तिसऱ्या काळात, म्हणजे सर्वात जलद लयीत, गेले की अरैमंडी (गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसणं) हळूच वर येते. पहिल्या दोन काळांत मात्र पक्की असते. आतापासून बाणी बदलायचा खटाटोप करावा, की आहे तेच घोटून न्यावं? गायला लावतात का? तमिळ अजिबात येत नाही, अडेल का? कुणाची मुलं तिथे शिकली असतील तर कृपया सांगा.