आमच्या खेळातल्या गावात मढी उठली तर गाव टिकेल का?

तळेकोटकर
नमस्कार. आम्ही पाच जण दर रविवारी जुन्या विडी घरकुलात माझ्या गच्चीवरच्या खोलीत डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. त्यात एक जण जग आणि गोष्ट रचतो, आमच्यात तो मी. बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि काय घडलं ते फासे ठरवतात. नियम २०१४ च्या पुस्तकांतले. आमच्या कॅम्पेनला, म्हणजे सलग चाललेल्या गोष्टीला, तीन वर्षं झाली. त्यातलं तळेकोट हे गाव मी आपल्या सोलापूरवरूनच उभं केलंय. भुईकोट किल्ला, त्याला खंदक, लागून तळं, तळ्यात देऊळ, पलीकडे विणकरांची पेठ. संक्रांतीला जत्रा भरते, बाराबंदी घातलेली माणसं सात उंच काठ्या घेऊन निघतात. नकाशा हाताने तीनदा काढलाय.

जत्रेच्या रात्री झोंबी सोडायचे ठरवलेत. पण क्लेरिकचं, म्हणजे देवाच्या शक्तीने मंत्र चालवणाऱ्या पुजाऱ्याचं, पात्र खेळणारी मैत्रीण म्हणाली, "देवळात माझ्यासारखा पाचव्या लेव्हलचा एक जण असला तरी पुरे. देवाचं चिन्ह उचललं की तीस फुटांतली बरीचशी मढी नष्ट. तासाभरात गाव मोकळं." नियम तिच्या बाजूने आहे. शिवाय पुस्तकातला झोंबी मारतो, पण त्याच्या हातून मेलेला उठत नाही. चावल्यावर रोग लागतो असा घरचा नियम मला घालायचा नाही. जगाच्या आहे त्या नियमांतच गावाची कसोटी लागावी. काय करू?

फासेमोड्या
दादा, आधी हिशोब करा. ती शक्ती पाचव्या लेव्हलला एका विश्रांतीत एकदाच वापरता येते, सहाव्यापासून दोनदा. आणि तळेकोटात असे किती जण असतील? देवळातला प्रत्येक पुजारी मंत्र जाणणारा नसतो. बाकी गाव भालेवाल्या शिपायांच्या जिवावर. झोंबीचे २२ हिट पॉइंट, म्हणजे घाव सोसायची ताकद. ते संपवणारा शेवटचा घाव ५ चा बसला तर तगायला त्याला ५ अधिक ५, म्हणजे १० गाठायचे, वीस बाजूंच्या फाशात ३ मिळवून. म्हणजे २० पैकी १४ वेळा तो १ पॉइंटवर परत उभा. शिपायाने मारलं, पाठ फिरवली आणि मागून हात पडला, असं सारखं होणार.

तुमचा खंदक तर विसराच. झोंबीला श्वास लागत नाही. तळ्याच्या तळातून चालत तो देवळाच्या पायऱ्यांशी निघेल. ज्या पाण्याच्या भरवशावर लोक किल्ल्यात शिरतील, तिकडूनच तो येईल. हे दृश्य कृपा करून वाया घालवू नका.

झोंबी पसरवायला वाइट (wight) नावाचं, जीव शोषणारं मढं वापरा. त्याने जीव शोषून मारलेला माणूस २४ तासांनी झोंबी होऊन उठतो, देह नष्ट केला नाही तर. एका वाइटच्या ताब्यात बाराच राहतात. त्यापुढचे कोणाच्याच ताब्यात नाहीत, असा निर्णय मी तरी देईन.

रानातली_झोपडी
ते २४ तास नीट वापरा, बाकी सगळं त्यात आहे. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं प्लेगचं सांगायची. उंदीर पडायला लागले की गाव उठायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं. ज्याच्याकडे रान त्याची सोय व्हायची. तुमचा विणकर कुठे जाणार? माग पाठीवर घालून नेता येत नाही, आणि माग थांबला की चूल थांबली. पेठ शेवटपर्यंत रिकामी होणार नाही.

दुसरं. पुण्यात १८९७ साली गोरे शिपाई रोगी शोधायला घराघरांत शिरले, तेव्हा लोकांनी आपली माणसं लपवली. तळेकोटच्या किल्लेदाराने "प्रेतं जाळा" असा हुकूम काढला तर काय होईल? आपल्याकडे लिंगायतांत मृताला बसवून समाधी देतात, हातात इष्टलिंग असतं. मुसलमान, ख्रिस्ती दफन करतात. तुमच्या गावातही अशी घरं असणारच. त्यांना ते जाळणं म्हणजे आपल्या माणसाला दुसऱ्यांदा मारणं. ते प्रेत माळ्यावर, मागाखालच्या खड्ड्यात ठेवतील, दार लावून बसतील, आणि २४ तास भरतील. त्या घरातल्यांना मूर्ख दाखवू नका. मी त्यांच्या जागी असते तर मीही दार लावलं असतं.

तळेकोटकर
ताई, हे वाचून रात्री झोप लागली नाही. मी इतके दिवस किल्ल्याच्या भिंतीच मोजत होतो. माझी आजीही इथल्या पेठेतच वारली. रात्रभर तिच्या उशाशी बसलो होतो. कोणी जाळायला न्यायला आलं असतं तर मीही दार उघडलं नसतं.

उठून पुस्तक चाळलं. जेंटल रिपोज नावाचा दुसऱ्या पातळीचा मंत्र आहे. चिमूटभर मीठ आणि प्रेताच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं. दहा दिवस ते मढं उठू शकत नाही. विधी म्हणून केला तर स्लॉट, म्हणजे दिवसाच्या ठरावीक मंत्रांतला एक, खर्च होत नाही, पण प्रत्येक देहाला दहा मिनिटं जातात. तासाला सहा, चोवीस तास डोळा न लावता केले तरी १४४. आणि दहा दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे न जाळता वाट आहे, पण सगळ्यांना पुरेल इतकी नाही. रविवारी मढी लगेच उठवणार नाही. जत्रेची दुसरी सकाळ, देवळापुढे तीनशे घरची माणसं आपापलं प्रेत घेऊन रांगेत, कोणाच्या मुठीत दोन नाणी आहेत, कोणाच्या नाहीत. आणि मैत्रिणीला विचारणार, आधी कोणाचं?